पुढे चालायचं नाही

सिस्टरला कुणाच्या मागे चालायची सवय अशी नव्हतीच. हॉस्पिटलच्या वॉर्डात ती पुढे आणि बाकी सगळे मागे, असाच कारभार होता. मोठे डॉक्टर राउंडला आले तरी थोड्या वेळाने तेच तिच्या मागे चालायला लागायचे, आणि आपण मागे कधी पडलो हे त्यांच्याही लक्षात यायचं नाही. अशा बाईच्या वाट्याला नेमका हा नियम यावा, आता काय म्हणावं! पण आला खरा, आणि तिने तो जिवापाड पाळला. पुढे चालायचं नाही. कधीही, काहीही झालं तरी.

नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. गाव डोंगराच्या पायथ्याला होतं आणि डोंगराच्या माथ्यावरून सीमा जात होती. पलीकडे लढाई पेटलेली. तिकडची माणसं जीव मुठीत धरून माथा ओलांडायची आणि अलीकडच्या उतारावर, थंडीने काकडत, पायांचे तुकडे पडलेल्या अवस्थेत, कुठेतरी बसकण मारायची. त्यांना शोधायचं, गरम काहीतरी पाजायचं, पायांना पट्ट्या बांधायच्या, हे काम गावातली पाचसहा माणसं करत. आधी कुणी हरकत घेतली नाही. मग नवा कायदा आला. कायदा म्हणाला, सीमेच्या अलीकडे सापडलेल्या माणसाला अन्न द्या, पाणी द्या, औषध द्या, सरकारचं काही म्हणणं नाही. पण त्याला वाट दाखवलीत तर तुम्ही त्याला चोरून देशात आणलंत असं धरलं जाईल, आणि मग तुरुंग.

मास्तरांनी तो कायदा चष्मा पुसून पुसून वाचला आणि त्यातून एक पळवाट काढली. "वाट दाखवणारा कुठे असतो?" ते म्हणाले. "पुढे! पुढे असलोच नाही, तर दाखवणार कशी? आपण आपलं मागे राहायचं. कुणी पडलं तर उचलायचं. उतारावर लाल डोक्याचे खांब आहेतच. खांबामागून खांब धरत माणसं आपली आपण खाली रस्त्याला लागतील. तिथे नोंदणीचं ऑफिस आहे. तिथे जाऊन आसरा मागायचा त्यांना हक्क आहे."

ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की मजा. एकदा एक घरंदाज कुटुंब सापडलं. पट्ट्या बांधून झाल्या, सूप पिऊन झालं, आता निघायचं. त्यांच्यातल्या आजोबांनी अदबीने हात पुढे केला, आधी तुम्ही. मास्तरांनी त्याहून अदबीने हात केला, छे छे, आधी तुम्ही. आजोबा वाकले. मास्तरही वाकले. परक्या देशात पहिल्याच दिवशी उद्धटपणा नको म्हणून आजोबा हलेनात आणि तुरुंग नको म्हणून मास्तर हलेनात. दोघांच्या भुवयांवर बर्फ साठायला लागलं. शेवटी त्यांचं एक रांगतं पोर स्वतःच्या मनानेच उताराला लागलं, त्याला धरायला त्याची आई धावली, आणि अशी ती वरात एकदाची सुरू झाली. सिस्टर सगळ्यांत मागे, हसू दाबत.

घरी सासूबाईंना ही असली थट्टा अजिबात चालत नसे. सिस्टरचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सासू, सून आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी, अशा तिघी. पगार सिस्टरचा, जीभ सासूबाईंची.

"जगाचे पाय चोळून झाले असतील तर घरात पाय टाका," सुनेची चाहूल लागली की सासूबाई आतूनच म्हणायच्या. "त्या सीमेवरच्या चौकीवर नवीन माणसं आणून बसवलीयत, ऐकलं ना? एकदा धरलं म्हणजे? मला एकटीला या पोरीचं करायला लावणार तू? माझे गुडघे बघ."

"आम्ही मागे असतो, आई."

"मागे असतात म्हणे! तू? तू तर तुझ्या लग्नातसुद्धा माझ्या मुलाच्या पुढे चालत होतीस."

हे खरं होतं, त्यामुळे सिस्टर गप्प बसायची. पण मनातून तिलाही धास्ती होती. वाट दाखवल्याचा गुन्हा शाबित झाला तर काही वर्षं आत, आणि बाहेर आल्यावर नर्सचं रजिस्ट्रेशन रद्द. मुलगी तेव्हा कुठे असेल, सासूबाई असतील का, हे प्रश्न तिला कधीकधी सलाइन लावता लावता छळायचे. म्हणूनच ती नियम इतका कडक पाळायची की मास्तरांनाच तिची कीव यायची.

त्या दिवशी मास्तरांना ताप होता आणि बाकीचे कामात अडकलेले. सिस्टर पाठीवर सॅक घेऊन एकटीच वर गेली. दुपार होती, ऊन बऱ्यापैकी होतं. माथ्याच्या जरा खाली मेंढपाळांची एक पडकी झोपडी आहे, तिच्या आडोशाला दहाबारा माणसं बसलेली दिसली. एक न्हावी होता. त्याच्या खांद्याला लांब पट्ट्याची कातडी बॅग, तिच्यातून कात्रीचं टोक बाहेर आलेलं, आणि पाठीशी चादरीने बांधलेली म्हातारी आई. दोघी बहिणी होत्या, त्यांची तीन मुलं. एक जाडजूड गृहस्थ चक्क ऑफिसच्या चकचकीत बुटांत डोंगर चढून आले होते. त्यांचे बूट सिस्टरने काढले तेव्हा आतून जे निघालं त्याला पाय म्हणायचं की काय म्हणायचं, अशी गत होती. गृहस्थ मात्र मान दुसरीकडे करून बसले होते, आपले पाय परक्या बाईला दाखवायला लागले याची लाज वाटून.

कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. पण जखमेला भाषा लागत नाही. तिने सगळ्यांचे पाय पुसले, बांधले, मुलांना पाव दिला आणि बोटाने पहिला लाल खांब दाखवायचा मोह आवरून स्वतः रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. माणसं शहाणी होती. खांब त्यांनीच ओळखले. निघाली.

अर्ध्या उतारावर असताना धुकं आलं.

डोंगरातलं धुकं काय असतं ते सपाटीवरच्या माणसाला सांगून कळत नाही. ते हळूहळू येत वगैरे नाही. बघता बघता पुढचा खांब गेला, मागचा गेला, मग समोरच्या माणसाची पाठ गेली. स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. आणि या वाटेच्या डाव्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे, सरळ कापलेली, कुंपण कधीच मोडून पडलेलं. रांगेच्या पुढे दोघींपैकी थोरली बहीण होती. तिच्या पायाखालून एक दगड सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की सगळेच्या सगळे जागच्या जागी खाली बसले.

सिस्टरने फोन काढला. या घळीत रेंज मिळत नाही हे तिला माहीत होतं, तरी काढला. मग ती वाट बघत बसली, धुकं उठेल म्हणून. उठलं नाही. कपडे ओले व्हायला लागले. तिने चाचपडत चाचपडत एकेकाला हात लावून बघितलं. धाकट्या मुलाचे ओठ निळे पडत होते. न्हाव्याच्या पाठीवरची म्हातारी हाक मारली तर ओ देईना, आणि मघाशी कुडकुडत होती ती आता कुडकुडायचीही थांबली होती. याचा अर्थ काय ते नर्सला कुणी सांगावं लागत नाही. इथे आणखी बसलं तर यांच्यातली निम्मी माणसं बसल्या जागी जातील.

आणि सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले. दिसत नव्हते, पण वळलेत हे तिला कळलं.

खोटं कशाला बोलायचं, ती घाबरली. डोळ्यांसमोर आधी मुलगी आली, मग सासूबाईंचे सुजलेले गुडघे, मग तुरुंग कसा असतो त्याचं सिनेमात पाहिलेलं चित्र. पुढे चालायचं नाही. मग तिने त्या पोराच्या ओठांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. बर्फासारखे गार लागले. "मेला तो कायदा," असं ती मोठ्याने म्हणाली आणि उठली. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या पिशवीच्या, शालीच्या, चादरीच्या टोकाला बांधल्यागत अडकवून देत ती रांगेच्या शेवटापासून सुरुवातीला आली. आता तिच्या पुढे कुणी नव्हतं.

वाट तिला दिसत नव्हतीच. पण एक गोष्ट तिच्या तेव्हाच लक्षात आली. एवढे दिवस मागे राहून तिने या वाटेवर दुसरं काही पाहिलंच नव्हतं, फक्त पुढच्यांचे पाय पाहिले होते. कुठे कुणाचा घोटा मुरगळला, कुठे म्हाताऱ्यांना हात द्यावा लागला, कुठे सगळ्यांचाच पाय घसरतो. ती सगळी पडापड तिला पाठ होती. त्या पडापडीवरून वाट तिच्या पावलांना लागत गेली. इथे ती पोरगी घसरली होती, म्हणजे उजवीकडे सरकायचं. इथे मास्तर ओरडले होते, म्हणजे खाली ओघळ आहे.

आणि पाऊल टाकताना ती वॉर्डातलंच बोलायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहिलेल्या पेशंटला चालवताना बोलायची तसं. "हं, डावा. आता उजवा. शाब्बास." मागच्यांना डावा कळत नव्हता, उजवा कळत नव्हता. पण शाब्बास म्हटलं की पाऊल नीट पडलेलं असतं, एवढं त्यांनी हेरलं. थोड्या वेळाने तिच्या मागून थोरल्या बहिणीचा आवाज आला, "शाब्बास." तिने मागच्यासाठी म्हटलं होतं. मग त्याच्या मागून. मग त्याच्याही मागून. ज्याचं पाऊल धड पडलं तो मागच्याला सांगायचा. शब्द असा हातोहात धुक्यात मागे मागे जायला लागला, बायकांच्या आवाजात, पोरांच्या आवाजात, ऑफिसच्या बुटांतल्या त्या गृहस्थांच्या घोगऱ्या आवाजात.

एका वळणावर धुकं क्षणभर विरळलं तेव्हा तिने मागे पाहिलं. एक चेहरा दिसला, त्याच्या मागे एक सावली, आणि त्याच्या मागे काही नाही, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून पावलं येत होती. जिथे तिने पाय ठेवला होता नेमका तिथेच मागच्याचा पाय, तिथेच त्याच्या मागच्याचा. कुणी एक बोटभरही इकडे तिकडे ठेवत नव्हतं. या माणसांना त्यांच्या राजांनी फसवलं होतं, शेजाऱ्यांनी फसवलं होतं, वाटेत दलालांनी लुटलं होतं. आणि तीच माणसं आज दुपारी भेटलेल्या एका बाईच्या टाचेच्या भरवशावर आपली पोरं टाकत होती. आपण आजवर वॉर्डात कितीतरी माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली, पण असं काही पाहिलं नाही, असं सिस्टरला वाटलं. इतका विश्वास अंगावर घ्यायची आपली लायकी नाही, असंही वाटलं. आणि मग वाटलं की लायकी असो नसो, पाय नीट टाक बाई.

धुक्याच्या खाली रस्ता लागला. तिथे स्वच्छ होतं. ती बाजूला उभी राहून एकेकाला बाहेर पडताना बघत राहिली. थोरली बहीण आली, मुलं आली, धाकटी आली, बुटांतले गृहस्थ आले. आईला पाठीवर घेतलेला न्हावी आला. तो शेवटचा, असं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला, तर न्हाव्याच्या बॅगचा पट्टा मागे ताणलेलाच होता. त्या पट्ट्याला धरून धुक्यातून आणखी एक माणूस बाहेर आला. वर्दीतला. चौकीवरचा शिपाई. टोपी कुठेतरी पडलेली, गुडघे चिखलाने भरलेले, डोळे मिटलेले. "शाब्बास," असं पुटपुटत त्याने शेवटचं पाऊल टाकलं आणि डोळे उघडले.

ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे बघतो. तरणाबांड पोरगा होता. समुद्राकाठच्या सपाट मुलखातून बदली होऊन आलेला. त्याने आजूबाजूला पाहिलं, आपण कोण आहोत ते त्याला आठवलं, आणि त्याने वर्दी खाली ओढून सारखी केली.

"तुम्ही या लोकांना... तुम्हाला ताब्यात घ्यावं लागेल," तो म्हणाला. पट्टा अजून त्याच्या हातातच होता.

"घ्या. पण आधी हात इकडे करा," सिस्टर म्हणाली. "बोटं पांढरी पडलीयत तुमची. जातील."

त्याने हात पुढे केले. तिने ते चोळून चोळून लाल केले. मग त्याने तिला अटक केली.

ती जामिनावर सुटली, पण गळ्याला फास लागला तो लागलाच. हॉस्पिटलने निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. त्या दहाबारा जणांना दूरच्या कुठल्याशा छावणीत नेलं. म्हातारी वाचली एवढी बातमी मास्तरांनी कुठून तरी काढून आणली. सासूबाईंनी मात्र त्या शिपायाला उठता बसता शिव्या घालायचा सपाटाच लावला. "मेला चौकीवाला! ज्या हातांनी याचे हात चोळले तेच हात बांधायला निघालाय. याचं कधी भलं व्हायचं नाही." आणि मग सुनेच्या ताटात गपचूप जास्तीचं वाढायच्या.

वकीलबाई हुशार होत्या. नाकावर चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी शिपायाचा अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की धुकं असतानाही आरोपी सर्वांच्या पुढे चालून वाट दाखवत असल्याचे आढळले, आणि त्या वेळी चौकीचा कर्मचारी मदतीसाठी जागेवर हजर होता.

"हे शेवटचं वाक्य कुणातरी डोकेबाज साहेबाने घुसडलंय," वकीलबाई म्हणाल्या. "कायद्यात एक सवलत आहे. जीव वाचवायला दुसरा इलाजच नसेल तर वाट दाखवली तरी गुन्हा नाही. पण इथे लिहिलंय, सरकारचा माणूस मदतीला हजर होता. म्हणजे इलाज होता. ती वाट बंद."

"पण तो तर स्वतःच आमच्या..."

"ते कोर्टात तो कबूल करणार आहे? नोकरी जाईल त्याची. साहेबाचीही जाईल. सोडून द्या. आपण दुसऱ्या बाजूने जाऊ. मी त्याला एकच विचारणार, किती दिसत होतं? काहीच नाही, असंच त्याला म्हणावं लागेल. काहीच दिसत नव्हतं, तर पुढे कोण होतं ते कुणी पाहिलं? कुणीच नाही. माणसं आपली आपण उतरली. तुम्ही तोंड उघडायचं नाही. आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे, तो वापरा. घरी जाल."

सिस्टरने मान डोलावली. मुलीसाठी ती आणखीही काय काय करायला तयार होती. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

कोर्टाची खोली लहान, भिंतीवरचा पंखा बंद, बाकं शाळेतल्यासारखी. पहिल्या बाकावर सासूबाई आणि मुलगी, मागे मास्तर आणि हॉस्पिटलमधल्या चारदोन बायका. सगळ्यांत शेवटी चौकीचे साहेब, ताठ. शिपाई साक्षीला उभा राहिला तेव्हा सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच भस्म झाला असता.

सरकारी वकिलांनी त्याच्याकडून त्या दिवशी तो जागेवर हजर होता एवढं वदवून घेतलं आणि समाधानाने खाली बसले. मग वकीलबाई उठल्या.

"धुक्यात किती दिसत होतं?"

"काही नाही. स्वतःची बोटंसुद्धा नाही."

"म्हणजे रांगेच्या पुढे कोण होतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही."

"नाही पाहिलं."

"बस्स," वकीलबाई म्हणाल्या. "मला आणखी काही विचारायचं नाही."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मुलीने आजीचा हात घट्ट धरलेला तिला दिसला. न्यायाधीशांनी शिपायाला जायची खूण केली. शिपाई हलला नाही. पिंजऱ्याचं लाकूड दोन्ही हातांनी धरून तो तसाच उभा राहिला.

"साहेब, पाहिलं नाही. पण कोण होतं ते मला माहीत आहे. सिस्टर पुढे होत्या."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. संपलं, असं सिस्टरला वाटलं. मागून सासूबाईंचा "मेल्या!" असा आवाज आला आणि पट्टेवाल्याने त्यांना दटावलं.

"दिसलं नाही म्हणता आणि माहीतही आहे म्हणता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब. मी त्या रांगेत होतो."

मागच्या बाकावर चौकीचे साहेब खाकरले. शिपायाने तिकडे पाहिलं नाही.

"यांना पकडायलाच निघालो होतो," तो म्हणाला. "चौकीपासून थोडा खाली आलो आणि ते सुरू झालं. मी समुद्राकडचा माणूस, मला कुठे माहीत असलं धुकं. वर जायला लागलो तर उताराला लागलो, परत फिरलो तर आणखी कुठे गेलो ते कळेना. वायरलेसवर नुसती खरखर. एक पाय पुढे टाकला तर खाली काही नाही. तसाच मागे पडलो. मग नाही उठलो. गुडघ्यांवर बसून राहिलो. रडलोसुद्धा, खोटं नाही सांगत. आईला हाका मारल्या. मग ते ऐकू आलं. शाब्बास, शाब्बास म्हणत कुणीतरी जातंय. इतके आवाज. मला वाटलं, मेलो बहुतेक आपण. रांगत रांगत गेलो आणि हाताला एक पट्टा लागला. धरला."

"मग?"

"पट्टा ज्याचा होता तो वळला. त्याने चाचपून माझी वर्दी ओळखली. बटणं, बिल्ला, सगळ्यावरून हात फिरवला त्याने. खाण तिथेच होती साहेब. हाताने नुसतं लोटलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. त्याने काय केलं, तर तो पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळला. दोन वेढे देऊन. आईला पाठीवर घेऊन, मागे वळून. आणि मला म्हणाला, शाब्बास."

सिस्टरला हे माहीतच नव्हतं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या पाठीमागे कुठेतरी खूप लांब, हे घडलं होतं, आणि ती आपली खाली मान घालून दगड चाचपत चालली होती. त्या न्हाव्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

"पण अहवालात तर लिहिलंय की तुम्ही मदतीसाठी हजर होता," सरकारी वकील उठून म्हणाले.

"त्यावर सही माझी आहे. लिहिलेलं मी नाही. मदत कसली साहेब, मीच हरवलो होतो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "ही बाई कायदा मोडतेय हे तुम्हाला त्या वेळी कळत होतं?"

"कळत होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"त्या थांबल्या असत्या तर आम्ही मेलो असतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

शिपायाला प्रश्न नीट कळलाच नाही बहुतेक. तो गोंधळून न्यायाधीशांकडे बघत राहिला. "आम्ही," तो म्हणाला. "रांगेतले सगळे."

न्यायाधीशांनी पेन उचलून काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी सिस्टरला विचारलं, तिला काही सांगायचंय का, सांगायलाच हवं असं नाही. वकीलबाईंनी तिच्याकडे बघून जोरात मान हलवली. सिस्टरने मुलीकडे पाहिलं. मुलगी रडत होती, पण तिने मान खाली घातली नव्हती.

"हो," सिस्टर म्हणाली. "मी पुढे होते."

महिनोन् महिने हे वाक्य तिच्या घशात अडकून होतं. बोलून झाल्यावर तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

निकाल दुपारनंतर लागला. जी मदत स्वतःच वाट चुकलेली आहे तिला मदत म्हणता येत नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. जीव वाचवायला दुसरा इलाज नव्हता, हे सरकारच्याच साक्षीदाराने शाबित केलं आहे. आरोपी निर्दोष. मास्तर मोठ्याने रडायला लागले आणि मग चष्मा पुसत बसले. मुलगी येऊन गळ्यात पडली. सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं, जणू काही मोडलंबिडलंय का ते बघत होत्या, आणि म्हणाल्या, "चल आता. भूक लागलीय मला." आणि मग त्यांनाच हुंदका आवरेना.

अंगणात पाण्याच्या टाकीपाशी शिपाई एकटाच उभा होता. साहेबांनी त्याचं ओळखपत्र आणि बिल्ला तिथल्या तिथेच काढून घेतला होता आणि ते गाडीत बसून निघून गेले होते. त्याला न घेता. शर्टावर बिल्ल्याच्या जागी कापड जरा गडद दिसत होतं. सिस्टर त्याच्याजवळ गेली. आभार मानायचे होते, पण तोंडातून राग निघाला.

"का सांगितलंत?" ती म्हणाली. "तुम्ही नुसतं दिसलं नाही म्हणून खाली उतरला असतात, तरी मी सुटले असते. तुमचीही नोकरी राहिली असती. आणि उलटं झालं असतं म्हणजे? माझी पोर आहे तिथे बसलेली."

"कलम वाचून आलो होतो," तो चाचरत म्हणाला. "पुन्हा पुन्हा वाचलं. एका वकिलालाही विचारलं. खरं सांगितलं तर तुम्ही सुटाल असं म्हणाला तो. नक्की नाही, पण बहुतेक."

"बहुतेक! आणि गप्प राहिला असतात तर नक्कीच."

त्याने मान खाली घातली.

"सुटला असतात हो," तो म्हणाला. "पण मग कोर्टात असं लिहिलं गेलं असतं की त्या दिवशी आमच्या पुढे कुणीच नव्हतं. आम्ही आपले आपण उतरलो." त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "आणि होतं ना, सिस्टर. कुणीतरी होतं."

सिस्टरने त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि ती तशीच उभी राहिली.